समुद्रातली जहाजं घरून कशी ट्रॅक करायची आणि पुढच्या तासाभरात ती कुठे असतील याचा अंदाज कसा काढायचा

माझा मोठा भाऊ टँकरवर आहे. तो साइन ऑन झाला की आईची रोजची सकाळ ठरलेली, देवपूजा झाली की मोबाईल घेऊन ओटीवर बसायचं आणि जहाजांच्या अ‍ॅपमध्ये दादाची बोट शोधायची. दोन वर्षांपूर्वी तो ठिपका अरबी समुद्राच्या मधोमध थांबला आणि दोन दिवस हललाच नाही, आईच्या घशाखाली घास उतरेना आणि बाबा सारखे कंपनीला फोन लावत बसलेले. बोट व्यवस्थित चालली होती, फक्त ठिपका थांबला होता. हे कळल्यावर मी ठरवलं की ही भानगड मुळापासून समजून घ्यायची, आणि आता अलिबागजवळच्या थळच्या आमच्या घराच्या टाकीवर माझा स्वतःचा अँटेना आहे, खांदेरी बेटाच्या बाहेरून मुंबईत शिरणारी जहाजं मी रोज बघतो. ज्यांच्या घरचं कोणी बोटीवर आहे आणि ज्यांना नुसतीच या विषयाची आवड आहे, दोघांसाठी सगळं सुरुवातीपासून लिहितोय.

आधी सिग्नल समजून घ्या

जहाजं स्वतःहून आपली माहिती रेडिओवर ओरडून सांगत असतात, त्या सिस्टीमला एआयएस (ऑटोमॅटिक आयडेंटिफिकेशन सिस्टीम) म्हणतात. ३०० टनांच्या वरची (हे ग्रॉस टनेज, म्हणजे आतल्या जागेचं माप, वजन नव्हे) आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणारी जहाजं, आंतरराष्ट्रीय फेरी नसली तरी ५०० टनांच्या वरची मालवाहू जहाजं आणि सगळी प्रवासी जहाजं यांना ती सक्तीची आहे, आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्यांना २००४ च्या अखेरपासून आणि बाकीच्यांना २००८ पर्यंत. सिग्नल दोन व्हीएचएफ चॅनेलवर असतो, १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ. प्रत्येक चॅनेलवर एका मिनिटाचे २२५० तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक जहाज आपापला तुकडा आधीच बुक करून त्यातच बोलतं, त्यामुळे गर्दीतही एकमेकांच्या बोलण्यावर बोलणं होत नाही. आपल्याकडे २० मीटरपेक्षा लांब बोटींनाही एआयएस लागतं, २६/११ ला अतिरेकी 'कुबेर' नावाच्या ट्रॉलरवरून आले त्यानंतर किनाऱ्यावर हे सगळं कडक झालं. पण कोळ्यांच्या लहान होड्या यात दिसत नाहीत हे कायम लक्षात ठेवा, नकाशावर समुद्र रिकामा दिसला म्हणजे तिथे कोणी नाही असं अजिबात नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पुढचं सगळं यावरच उभं आहे. एआयएसमधून तीन प्रकारची माहिती येते आणि तिन्हींवर सारखा विश्वास ठेवायचा नाही. पहिली मशीनने मोजलेली, म्हणजे अक्षांश, रेखांश, वेग, जाण्याची दिशा, ही जीपीएसवरून थेट येते. दुसरी एकदाच बसवलेली, म्हणजे नाव, नऊ आकडी एमएमएसआय (जहाजाच्या रेडिओचा नंबर), सात आकडी आयएमओ नंबर (जहाजाची कायमची ओळख), लांबी रुंदी. आणि तिसरी माणसाने हाताने टाईप केलेली, म्हणजे जहाज चालू आहे की नांगरावर, कुठे निघालंय, कधी पोचेल, किती खोल बसलंय. ड्युटीवरचा ऑफिसर दमलेला असतो, बटण दाबायचं राहतं, म्हणून बारा नॉटने (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) पळणारं जहाज 'नांगरावर' असं सांगताना रोज दिसतं. वेग आणि स्टेटस भांडले तर वेगाचं ऐका.

सामान आणि अँटेना

लागतं फार थोडं. एक आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीत लागणारा छोटा रेडिओ), एक जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर), केबल आणि अँटेना. डोंगल घेताना टीसीएक्सओ (तापमान बदललं तरी फ्रिक्वेन्सी स्थिर ठेवणारा भाग) असलेला घ्या, थोडे पैसे जास्त जातात पण फ्रिक्वेन्सी हलत नाही. साधा डोंगल पन्नास पीपीएमने (दहा लाखात पन्नास) चुकत असेल तर १६२ मेगाहर्ट्झवर तो आठ किलोहर्ट्झ बाजूला जातो, चॅनेलच मुळात २५ किलोहर्ट्झचा असतो, म्हणजे एक तृतीयांश चॅनेल गेला आणि मग काहीच का येत नाही म्हणून आपण रात्र रात्र बसतो.

अँटेना घरी बनवता येतो आणि तो घरीच बनवा. १६२ मेगाहर्ट्झची लाट साधारण १.८५ मीटरची, तिचा पाव भाग ४६ सेंटीमीटर, आणि तारेत लाट थोडी हळू चालते म्हणून पाच टक्के कमी करून ४४ सेंटीमीटर. जाड तांब्याची तार घ्यायची, घराच्या वायरिंगमधली उरलेली चालते, सोलून सरळ करायची. एसओ-२३९ नावाचा चौकोनी बुडाचा कनेक्टर मिळतो, त्याच्या मधल्या पिनला ४४ सेंटीमीटरचा तुकडा उभा सोल्डर करायचा आणि चार कोपऱ्यांच्या भोकांत ४८ सेंटीमीटरचे चार तुकडे स्क्रूने पिळून बसवायचे, ते छत्रीच्या काड्यांसारखे खाली पंचेचाळीस अंशात वाकवायचे. झालं. अँटेना उभाच ठेवा कारण जहाजाचाही उभाच असतो. मी तो जीआय पाइपला बांधून टाकीवर चढवलाय, जमिनीपासून नऊ मीटर.

उंचीवर कंजुसी करू नका. व्हीएचएफ जवळपास नजरेच्या रेषेत जातं, हिशोब असा की दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढायची, बेरीज करायची आणि ४.१२ ने गुणायचं, किलोमीटर मिळतात. माझे नऊ मीटर म्हणजे ३, जहाजाचे तीस मीटर म्हणजे साधारण ५.४८, बेरीज ८.४८, गुणिले ४.१२ म्हणजे ३५ किलोमीटर, १९ सागरी मैल. मध्ये नारळी पोफळी, बिल्डिंग, डोंगर आला की कमी. उलट पावसाआधीच्या महिन्यांत समुद्रावरच्या हवेचे थर असे काही बसतात की सिग्नल त्यात अडकून शेकडो किलोमीटर जातो आणि एखाद्या संध्याकाळी लांबच्या किनाऱ्यावरची जहाजं अचानक नकाशावर येतात, घाबरू नका, तुमचं सेटिंग बिघडलेलं नाही.

केबल शक्य तितकी छोटी ठेवा. नुसतं ऐकायचं असल्याने डिश टीव्हीची आरजी-६ केबलही चालते. आणि कनेक्टरला रबर टेप गुंडाळा, त्यावर साधी टेप, मी पहिल्या वर्षी हे केलं नाही आणि जुलैत केबलमध्ये पाणी शिरून जहाजं एकेक करत दिसायची बंद झाली, कनेक्टर उघडला तर आत हिरवा गंज. वीज कडाडायला लागली की केबल काढून खिडकीबाहेर टाकायची, यात आळस नको.

एक गोष्ट कायद्याची. आपण फक्त ऐकायचं, या चॅनेलवर काहीही पाठवायचं नाही, लायसन्सशिवाय ट्रान्समिट करणं गुन्हा आहे आणि चुकीच्या सिग्नलने खरं जहाज धोक्यात येऊ शकतं. रिसीव्हर बसवायच्या आधी सध्याचे वायरलेसचे नियम वाचून घ्या, सोसायटीची परवानगी घ्या, आणि नेव्हीच्या हद्दीजवळ राहत असाल तर अँटेना लावायच्या भानगडीत न पडलेलं बरं.

सॉफ्टवेअर

दोन प्रोग्राम पुरतात आणि दोन्ही फुकट आहेत, सिग्नल उकलायला एआयएस-कॅचर आणि नकाशावर बघायला ओपनसीपीएन. विंडोज असेल तर डोंगल लावल्यावर झाडिग नावाच्या छोट्या प्रोग्रामने विनयूएसबी ड्रायव्हर बसवावा लागतो, तो न बसवता पुढे गेलात तर डोंगल सापडणारच नाही. लिनक्सवर उलटा त्रास, सिस्टीम त्याला टीव्ही ट्यूनर समजून स्वतःच ताब्यात घेते, तो टीव्हीचा ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करायचा. मग एआयएस-कॅचर चालू करा, यूडीपीने १०११० पोर्टवर डेटा पाठवायला सांगा, आणि ओपनसीपीएनच्या कनेक्शन्समध्ये नेटवर्क, यूडीपी, तोच पोर्ट टाका. एआयएस-कॅचरचा स्वतःचा वेब नकाशाही आहे, तो मोबाईलवर उघडतो, आईसाठी मी तोच लावून दिलाय.

काही येत नसेल तर आधी गेन (डोंगल सिग्नल किती मोठा करतो ते सेटिंग) बघा. मुंबईसारख्या ठिकाणी एफएम स्टेशनांचा जोर इतका असतो की डोंगल बहिरा होतो, अशा वेळी गेन वाढवून नाही तर कमी करून फरक पडतो, तरीही नाही जमलं तर एफएम अडवणारा फिल्टर लावा.

पहिला मेसेज दिसला की त्याचा प्रकार बघायची सवय लावा. १, २, ३ म्हणजे मोठ्या जहाजाची जागा, १८ म्हणजे छोट्या बोटींच्या क्लास बी सेटची, ५ म्हणजे नाव आणि प्रवासाची माहिती. ५ नंबर सहा मिनिटांतून एकदाच येतो, म्हणून सुरुवातीला नुसता एमएमएसआय दिसतो आणि नाव नंतर येतं. एमएमएसआयचे पहिले तीन आकडे झेंडा सांगतात, ४१९ भारत, ५३८ मार्शल आयलंड्स, ६३६ लायबेरिया. आयएमओ नंबर खरा आहे का हेही घरच्या घरी तपासता येतं. सुएझमध्ये २३ मार्च २०२१ ला अडकलेली एव्हर गिव्हन घ्या, तिचा नंबर ९८११०००. पहिल्या सहा आकड्यांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा, ६३ अधिक ४८ अधिक ५ अधिक ४, बाकी शून्य, बेरीज १२०, तिचा शेवटचा आकडा ० आणि नंबरचाही शेवटचा आकडा ०, जुळलं. नाही जुळलं तर कोणीतरी नंबर चुकीचा भरलाय, नाहीतर मुद्दाम खोटा भरलाय.

आता अंदाज

सुरुवात कचरा काढण्यापासून. एआयएसमध्ये 'माहीत नाही' हे सांगायला ठरलेले आकडे आहेत, अक्षांश ९१, रेखांश १८१, वेग १०२.३, दिशा ३६०, हेडिंग (जहाजाचं तोंड कुठे आहे ते) ५११. हे काढले नाहीत तर तुमच्या हिशोबात एक जहाज शंभर नॉटने उडायला लागेल. मग उडी तपासा, आधीच्या आणि आत्ताच्या जागेतलं अंतर भागिले वेळ, आणि येणारा वेग जहाजाला शक्य आहे का ते बघा. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात वीसेक जहाजांना जीपीएस ते विमानतळावर असल्याचं दाखवत होतं, असा खोटा सिग्नल या उडीच्या तपासणीत लगेच सापडतो.

त्यानंतर मेसेजचं वय. चालू जहाज १४ नॉटपर्यंत दर १० सेकंदांनी जागा सांगतं, १४ ते २३ मध्ये ६ सेकंदांनी, नांगरावर असेल तर ३ मिनिटांनी. बारा नॉट म्हणजे मिनिटाला ३७० मीटर, म्हणजे वीस मिनिटं जुना ठिपका चार मैल खोटा. प्रत्येक ठिपक्यासोबत तो किती जुना आहे ते दाखवत नसेल असं अ‍ॅप वापरू नका, माझं यावर ठाम मत आहे.

आता हिशोब, हा कागदावर एकदा तरी करा. सागरी मैल म्हणजे अक्षांशाचं एक मिनिट, त्यामुळे उत्तर दक्षिण सोपं. पूर्व पश्चिमेला मात्र रेखांशाचं मिनिट आपल्याकडे थोडं लहान, अक्षांशाच्या कोसाइनने भागावं लागतं. समजा जहाज १८ अंश ४०.० मिनिटं उत्तर, ७२ अंश ३०.० मिनिटं पूर्व इथे आहे, दिशा ०५३, वेग १२ नॉट, म्हणजे साधारण प्रॉंग्ज दीपगृहाकडे तोंड. अर्ध्या तासात ६ मैल जाईल. ५३ चा कोसाइन ०.६०२, म्हणून उत्तरेला ३.६ मैल. साइन ०.७९९, म्हणून पूर्वेला ४.८ मैल, त्याला १८ अंश ४० मिनिटांच्या कोसाइनने म्हणजे ०.९४७ ने भागलं की ५.१ मिनिटं. नवीन जागा १८ अंश ४३.६, ७२ अंश ३५.१. जुने नाखवे आणि कॅप्टन हेच करायचे, फक्त त्यांच्याकडे वेग मोजायला पाण्यात सोडलेली दोरी होती.

दिशेची सरासरी काढताना बहुतेक जण एक चूक करतात. ३५९ आणि १ यांची सरासरी १८० येते आणि उत्तरेला चाललेलं जहाज दक्षिणेला वळतं. प्रत्येक दिशेचा साइन आणि कोसाइन वेगळा काढून त्यांची सरासरी घ्यायची आणि मग परत कोन बनवायचा. मी शेवटच्या पाच मिनिटांची घेतो. आणि वेग अर्ध्या नॉटच्या खाली असेल तर दिशा वापरूच नका, थांबलेल्या जहाजाची जीपीएस दिशा नुसती गरगर फिरते.

थांबलेल्या जहाजांचं हेडिंग मात्र बघण्यासारखं असतं. मुंबईच्या बाहेर नांगरावर एकाच वेळी बरीच जहाजं असतात आणि स्क्रीनवर त्यांचे त्रिकोण सगळे एकाच बाजूला तोंड करून उभे असतात, येणाऱ्या पाण्याला तोंड देऊन. भरती संपत आली की आधी हलकी, वर तरंगणारी जहाजं वळायला लागतात, मग भरलेली, आणि थोड्या वेळात सगळी उलट दिशेला बघतात. भरतीचा तक्ता न उघडता समुद्राचं पाणी वळलेलं कळतं, मला ते बघायला अजूनही तितकंच आवडतं.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर, मुंबईकडे येणाऱ्या जहाजाचा अंदाज भरतीशिवाय पूर्ण होत नाही. खोल बसणारी जहाजं बंदराच्या चॅनेलमध्ये (जहाजांच्या खोल वाटेत) शिरायला भरतीची वाट बघतात, त्यामुळे एखादं जहाज बारा नॉटने छान येत असलं तरी बंदराचा वाटाड्या पायलट घ्यायच्या जागेच्या आधी हळू होतं किंवा नांगर टाकतं आणि तुमचा सरळ रेषेचा अंदाज तिथे साफ चुकतो. म्हणून ५ नंबर मेसेजमधला ड्राफ्ट (जहाज किती खोल बसलंय) बघा आणि भरतीची वेळ बघा. आमच्याकडचा ठोकताळा, तिथीची पाऊणपट करायची, चतुर्थीला चाराचे तीन, म्हणजे तीनच्या आसपास पूर्ण भरती. आणि उधाण आहे की भांग तेही बघा, उधाणाला पाणी जास्त चढतं आणि प्रवाहही जोरात असतो. नेमका आकडा हवा असेल तर तक्ताच उघडा, पण ठोकताळ्याने चूक लगेच लक्षात येते.

पोचायच्या वेळेसाठी सरळ रेषेपेक्षा मला गेटची पद्धत जास्त आवडते. नकाशावर दोन रेषा मारायच्या, एक समजा खांदेरीच्या पश्चिमेला आणि दुसरी प्रॉंग्जजवळ, आणि महिनाभर प्रत्येक जहाजाने पहिली कधी ओलांडली, दुसरी कधी, हे साध्या सीएसव्हीत लिहीत जायचं. मग कंटेनर वेगळे, टँकर वेगळे, टग वेगळे करून मधल्या वेळेचा मध्यक काढायचा (वेळा क्रमाने लावून बरोबर मधली). सरासरी नको, कारण एखादं जहाज मध्येच दोन दिवस नांगरावर बसलं की सरासरी बिघडते. नवीन जहाजाने पहिली रेषा ओलांडली की तुमच्याकडे उत्तर तयार. मोठ्या कंपन्या लाखो फेऱ्यांवर मशीन लर्निंग लावून हेच करतात, जहाजं आधी कुठून कशी गेली ते शिकायचं आणि नवीन जहाज त्यातल्या कुठल्या वाटेवर आहे ते ओळखायचं. त्याच्या आधीची पायरी शिकायची असेल तर काल्मन फिल्टर शिका, तो मागचा अंदाज आणि नवीन मोजमाप यात कोणावर किती भरवसा ठेवायचा हे दर मेसेजला नव्याने ठरवतो, आणि सिग्नल मध्ये तुटला तर अनिश्चितता किती वाढली तेही सांगतो.

दोन जहाजं किती जवळ येतील हे काढायचं असेल तर एकाला थांबलेलं समजा. समजा एक फेरीबोट पूर्वेला १० नॉटने चाललीय, जहाज तिच्यापासून ३ मैल पूर्वेला आणि ४ मैल उत्तरेला आहे आणि दक्षिणेला १२ नॉटने येतंय. फेरीबोटीवरून बघितलं तर जहाज तासाला १० मैल पश्चिमेला आणि १२ मैल दक्षिणेला सरकताना दिसेल. ३ गुणिले १० अधिक ४ गुणिले १२ म्हणजे ७८, भागिले १० चा वर्ग अधिक १२ चा वर्ग म्हणजे २४४, उत्तर ०.३२ तास, १९ मिनिटं. त्या वेळी अंतर पाव मैल, पाचशे मीटरपेक्षाही कमी. म्हणजे आत्ताच कोणीतरी वळायला हवं. बंदराच्या चॅनेलमध्ये मात्र प्रोग्राममधला जवळ येण्याचा अलार्म सारखा वाजत राहतो कारण तिथे जवळून जाणं रोजचंच, आणि म्हणूनच खरा धोका ओळखणं तिथे जास्त अवघड. ७ ऑगस्ट २०१० ला एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ मुंबईच्या तोंडाशी आदळल्या, चित्रा कलली, कंटेनर समुद्रात पडले, तेल किनाऱ्यावर आलं, हे आमच्या भागातले लोक विसरलेले नाहीत.

आणि प्रत्येक अंदाज लिहून ठेवा, नंतर खरं काय झालं तेही शेजारी लिहा. माझे अर्ध्या तासाचे अंदाज उघड्या समुद्रात छान बसतात, बंदराच्या तोंडाशी ढेपाळतात.

घरचं माणूस बोटीवर असेल तर

फुकटची अ‍ॅप बहुतेक किनाऱ्यावरच्या अँटेनांवर चालतात, माझ्यासारख्याच लोकांनी लावलेल्या. जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की ते कोणाला ऐकू येत नाही आणि ठिपका शेवटच्या जागी थांबतो. सॅटेलाईटवरून ऐकता येतं, इस्रोच्या २०११ च्या रिसोर्ससॅट-२ वरही एआयएस रिसीव्हर होता, पण सॅटेलाईटला एका वेळी हजारो जहाजं ऐकू येतात, त्यांचे तुकडे एकमेकांवर पडतात, शिवाय तो डेटा सहसा विकत घ्यावा लागतो. म्हणून ठिपका थांबला तर आधी वेळ बघा. चार तासांपूर्वीची असेल आणि वेग १३ नॉट असेल तर जहाज थांबलेलं नाही, फक्त ऐकू येत नाहीये. तेरा नॉटने दिवसाला ३१२ मैल, तेवढं नकाशावर पुढे सरका. पोचायची वेळ यूटीसीत असते, साडेपाच तास मिळवा. ठिकाण कोडमध्ये असतं, न्हावाशेवा म्हणजे आयएनएनएसए.

कधी कधी कॅप्टन स्वतः एआयएस बंद करतो. जहाजाला धोका वाटला तर त्याला तशी मुभा आहे, २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात हल्ले सुरू झाल्यापासून तिकडे हे बऱ्याचदा होतं. अशा भागात आपल्या माणसाची बोट असेल तर तिचं नाव, जागा, स्क्रीनशॉट स्टेटसला किंवा ग्रुपवर अजिबात टाकू नका.

आईने आता कॅलेंडरच्या मागच्या पानावर तीन रकाने आखलेत, शेवटची वेळ, वेग आणि चोवीसने गुणून आलेले मैल. दादाची बोट परवा किनारा सोडून बाहेर पडली, ठिपका कालपासून थांबलेलाच आहे, आणि तिने आज सकाळी शेंगदाण्याएवढा टिकलीचा कागद नकाशावर तीनशे मैल पुढे सरकवून चिकटवलाय.